हॉबिटांवरची प्रश्नमंजूषा : कुठली उत्तरं वादात टिकतील?

फावडेवाला

आमच्या वाचकगटाने यंदा फक्त टॉल्किनच्या कादंबऱ्यांतले हॉबिट (ठेंगणे लोक) आणि त्यांचा देश शायर या विषयावर प्रश्नमंजूषा ठरवली आहे. सहा संघ, तीस प्रश्न, उत्तराला वीस सेकंद. निम्मी मंडळी पुस्तकं कोळून प्यायलेली, निम्म्यांनी फक्त सिनेमे पाहिलेले. म्हणजे उत्तरांवरून जुंपणार हे नक्की. प्रमाण धरायचं ते ‘द हॉबिट’ आणि परिशिष्टांसकट ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. टॉल्किनची पत्रं फक्त जिथे पुस्तक गप्प आहे तिथे. सिनेमातलं काहीही बरोबर उत्तर म्हणून चालणार नाही, पण फसवायला वापरलं तर हरकत नाही.

अडलेले प्रश्न : हॉबिट दिवसातून किती वेळा खातात, सहा की सात? त्यांचे पाय खरंच एवढाले असतात का? दोन कादंबऱ्यांचे दोन नायक : बिल्बो फ्रोडोचा काका की मामा? बिल्बोच्या मोठ्या वाढदिवसाला वार कुठला होता, आणि ‘२२ सप्टेंबरला कायम गुरुवारच येतो’ असं एकीने छातीठोक सांगितलं ते कसं काय? शायरचा कारभार नेमका कोणाच्या हातात, महापौराच्या की थेन या वंशपरंपरागत प्रमुखाच्या?

नुसतं ‘हे बरोबर, ते चूक’ नको. कोणी हुज्जत घातली तर काय दाखवायचं तेही सांगा. फसवे प्रश्न सुचवलेत तर आणखी उत्तम.

दुसरी_न्याहारी

जेवणांचा प्रश्न तुम्ही लिहिलाय तसा विचारलात तर फसलात. सात जेवणांचा हिशेब २००१ च्या सिनेमातला. तिथे न्याहारी उरकलेली असताना पिपिन हा हॉबिट पुढच्या सहा खाण्यांची नावं घेतो. पुस्तकाच्या प्रस्तावनेत आकडा सहा आहे, तोही ‘मिळाली तर’ या अटीवर. ‘द हॉबिट’च्या पहिल्या पानांवर वेगळंच : दिवसातून दोनदा डिनर, जमलं तर. म्हणून प्रश्नात ‘लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या प्रस्तावनेनुसार’ हे शब्द हवेतच. दुसरी न्याहारी मात्र सिनेमावाल्यांनी शोधलेली नाही. बुटके (ड्वार्फ) निघून गेल्यावर बिल्बो खिडकीशी बसून तीच करत असतो आणि गँडाल्फ हा जादूगार येऊन टपकतो. अकराच्या खाण्यालाही आधार आहे. मोठ्या वाढदिवशी अधिकृत जेवणं तीनच, दुपारचं, चहा आणि रात्रीचं. पण अकराच्या खाण्यापासून साडेसहाला आतषबाजी सुरू होईपर्यंत तोंडं अखंड चालूच होती. अधिकृत जेवणांच्या वेळी फक्त सगळे एकदम बसून खात होते, एवढाच फरक. यावर प्रश्न काढा, सिनेमावाले सात म्हणतील आणि पुस्तकवाले सहा. दोघेही आपटतील.

पाय : तळवे चामड्यासारखे जाड आणि पावलांवर डोक्यासारखेच दाट कुरळे केस, बहुधा तपकिरी. पुस्तकात आहे ते इतकंच. ‘मोठे पाय’ ही देणगी चित्रकारांची आणि सिनेमाची. सरसकट हॉबिटांचे पाय मोठे असल्याचं कुठेही नाही. तीन कुळांपैकी स्टूर लोकांचे हातपाय इतरांपेक्षा मोठे, एवढाच उल्लेख सापडतो. आणि फसवा प्रश्न हवा असेल तर हेच स्टूर घ्या : चिखलाच्या दिवसांत त्यांच्यातले काही बुटक्यांसारखे बूट घालत आणि हनुवटीवर लवही असे. म्हणजे ‘हॉबिट कधीच पायात काही घालत नाहीत’ आणि ‘हॉबिटांना दाढी येतच नाही’ ही दोन्ही विधानं सरसकट केली की चूक.

टोकदार कानांचा उल्लेख कादंबऱ्यांत नाही. १९३८ च्या सुमाराला अमेरिकन प्रकाशकाला चित्रांसाठी पाठवलेल्या पत्रात तो येतो, तोही ‘किंचित टोकदार’ असा. त्याच पत्रात उंची तीन ते साडेतीन फूट, जाकीट लाल किंवा पिवळं, बटणं सोन्याची किंवा पितळेची. प्रस्तावना मात्र म्हणते की उंची दोन ते चार फुटांच्या दरम्यान आणि हल्ली क्वचितच तीन फूट भरते. उंचीवर प्रश्न काढलात तर कुठल्या मजकुरानुसार ते लिहाच.

आजोळ_टूकबरो

बिल्बो काका की मामा याचं उत्तर : दोन्ही. आणि हे चहाच्या टपरीवरचं ‘दोन्ही’ नाही, वंशावळ उघडून दाखवता येतं.

आधी आईची बाजू. म्हातारा टूक, म्हणजे जेरॉन्शियस, याच्या मुलींपैकी बेलाडॉना ही बिल्बोची आई आणि सगळ्यात धाकटी मिराबेला ही प्रिम्युलाची आई. म्हणजे बिल्बो आणि प्रिम्युला सख्खी मावस भावंडं. प्रिम्युला फ्रोडोची आई, तेव्हा बिल्बो फ्रोडोचा मावस मामा.

आता बापाची. बाल्बो बॅगिन्सला मुंगो आणि लार्गो असे दोन मुलगे (आणखीही आहेत, इथे हे दोघे पुरे). मुंगोचा बुंगो, बुंगोचा बिल्बो. लार्गोचा फॉस्को, फॉस्कोचा ड्रोगो, ड्रोगोचा फ्रोडो. बुंगो आणि फॉस्को चुलत भाऊ, बिल्बो आणि ड्रोगो चुलत-चुलत भाऊ. म्हणून बिल्बो फ्रोडोचा चुलत-चुलत काका. मामाचं नातं एक पिढी जवळचं पडतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुस्तकात हीच गुंतवळ फ्रोडोच्या सोबत्याचा, सॅमचा, म्हातारा बाप, गॅफर गॅमजी, ‘आयव्ही बुश’ मद्यालयात बसून सोडवून सांगतो. कोणी भांडायला आलं तर पहिलंच प्रकरण पुढे करा.

‘अंकल बिल्बो’ ऐकून ‘सख्खा काका’ असं उत्तर येईल, ते चूक द्या. फ्रोडोच्या बापाला बिल्बो नावाचा भाऊ नाही.

याच झाडावरून आणखी दोन प्रश्न निघतात. मेरी आणि पिपिनचं नातं काय? मेरीची आई एस्मेराल्डा ही पिपिनच्या बापाची, पॅलाडिनची, बहीण. म्हणजे मेरी पिपिनचा आतेभाऊ, पिपिन मेरीचा मामेभाऊ. आणि मेरीला फ्रोडो कोण? मेरीचा आजा रोरिमॅक आणि फ्रोडोची आई प्रिम्युला ही सख्खी भावंडं. म्हणजे मेरीचा बाप साराडॉक हा फ्रोडोचा मामेभाऊ. मेरीने फ्रोडोला खरं तर काका म्हणायला हवं! चौघं सवंगडी म्हणून पडद्यावर एकाच वयाचे दाखवतात, पण शायरच्या कालगणनेतली जन्मसालं पाहा : फ्रोडो १३६८, सॅम १३८०, मेरी १३८२, पिपिन १३९०. हॉबिट तेहतिसाव्या वर्षी सज्ञान होतो. पिपिन प्रवासाला निघाला तेव्हा अठ्ठावीसचा, म्हणजे कायद्याने अजून पोरच.

बिल्बोचे नातलग सॅकव्हिल-बॅगिन्स, म्हणजे ओथो आणि त्याची बायको लोबेलिया, यांचा राग नुसता हावरटपणाचा समजू नका. ओथोचा बाप लाँगो हा बुंगोचा सख्खा भाऊ, म्हणून ओथो बिल्बोचा सख्खा चुलत भाऊ. बिल्बोला मूल नाही, तेव्हा बापाच्या बाजूने बॅग एंड या बिल्बोच्या घरावर नाव त्याचंच लागणार होतं. ९९ व्या वर्षी बिल्बोने फ्रोडोला दत्तक घेऊन वारस केलं आणि ओथो-लोबेलियाचा घास गेला. शुद्ध भाऊबंदकी. मृत्युपत्र फिरवायलाही जागा नव्हती, कारण हॉबिटी रिवाजाप्रमाणे सात साक्षीदारांच्या लाल शाईतल्या सह्या त्यावर होत्या. प्रश्न : सह्या किती आणि शाई कुठली? उत्तरात दोन्ही आलं तरच गुण द्या.

वाढदिवसाबद्दल : आपल्या वाढदिवशी दुसऱ्यांना भेटी द्यायच्या हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून तो प्रश्न फुकट जाईल. त्याऐवजी ‘मिळतातही का?’ असं विचारा. १९५८-५९ च्या सुमाराच्या एका लांबलचक पत्रात टॉल्किनने हा व्यवहार उलगडला आहे. भेट घेणं हा नातेसंबंधाचा विधी. देण्याचं बंधन चुलत-चुलत भावंडांपर्यंतच्या आणि बारा मैलांच्या आत राहणाऱ्या नातलगांवर. आईबापांनी मात्र आपल्या मुलांना वाढदिवसाची भेट द्यायची नाही, घराण्याच्या प्रमुखाने मात्र नावापुरतं का होईना काही द्यायचं. उलट, वाढदिवस असलेल्याने जे द्यायचं त्याला नात्याची अट नाही, ते वर्षभरातल्या उपकारांची आणि मैत्रीची आठवण म्हणून. पत्रातला प्रश्न असल्याने कठीण फेरीत ठेवा.

तीस_फेब्रुवारी

छातीठोक सांगणाऱ्या ताईंना पूर्ण गुण. शायरमध्ये २२ सप्टेंबर कायम गुरुवारीच येतो. वीस सेकंदांत काढायची रीत देतो.

त्यांच्या वर्षात बारा महिने, प्रत्येक बरोबर ३० दिवसांचा. झाले ३६०. उरलेले पाच दिवस कुठल्याच महिन्यात बसत नाहीत : वर्षाच्या सांध्यावर दोन यूल (जुन्या वर्षाचा शेवटचा दिवस १ यूल, नव्याचा पहिला २ यूल) आणि जून-जुलैच्या मध्ये तीन : १ लिथ, मध्यवर्ष दिन, २ लिथ. आता खरी गोम अशी की मध्यवर्ष दिनाला वारच नाही. तो आठवड्याबाहेर काढला की उरतात ३६४ दिवस, म्हणजे नेमके ५२ आठवडे. लीप वर्षी मध्यवर्ष दिनानंतर ओव्हरलिथ नावाचा आणखी एक दिवस येतो, त्यालाही वार नाही. त्यामुळे काहीच सरकत नाही. कालनिर्णय एकदाच छापून भिंतीवर कायमचं लावावं अशी सोय. ही सुधारणा इसेनग्रिम दुसरा या थेनच्या काळची. त्याआधी त्यांचेही वार आपल्यासारखेच दर वर्षी सरकत.

वर्षाची सुरुवात २ यूलला, शनिवारी. म्हणून १ जानेवारी रविवार. महिना ३० दिवसांचा, म्हणजे चार आठवडे आणि वर दोन दिवस, तेव्हा पुढची प्रत्येक पहिली तारीख दोन वार पुढे : जानेवारी रवि, फेब्रुवारी मंगळ, मार्च गुरु, एप्रिल शनि, मे सोम, जून बुध. जूननंतर १ लिथ येतो शुक्रवारी, मध्यवर्ष दिन बिनवाराचा, २ लिथ पुन्हा शनिवारी. म्हणून जुलैपासून तीच माळ परत : जुलै रवि, ऑगस्ट मंगळ, सप्टेंबर गुरु, ऑक्टोबर शनि, नोव्हेंबर सोम, डिसेंबर बुध. सप्टेंबरची १ गुरुवारी, तर ८, १५, २२ सुद्धा गुरुवारीच.

पडताळा पुस्तकातच आहे. १४०१ ची मोठी मेजवानी २२ सप्टेंबर, गुरुवार. सतरा वर्षांनी, १४१८ साली, फ्रोडोचा पन्नासावा वाढदिवस. तिथेही सकाळ उजाडते ती गुरुवारीच. आपल्या पंचांगात सतरा वर्षांत वार कुठच्या कुठे जातो.

वरची माळ नीट पाहिलीत तर एक गंमत दिसेल : शुक्रवारी कुठलाच महिना सुरू होत नाही. म्हणून ‘शुक्रवारी एक तारखेला’ म्हणजे कधीच नाही, असा शायरमध्ये विनोद. डुकरं उडतील किंवा झाडं चालतील त्या दिवशी! (झाडं चालतात हे पुढे कळतंच.) प्रश्न असा ठेवा : शायरमध्ये महिन्याची पहिली तारीख कुठल्या वारी कधीच येत नाही? गणित येणारा संघ पुस्तक न वाचताही सोडवेल.

आणखी दोन सापळे. हॉबिटांचा शुक्रवार म्हणजे दुपारनंतर सुट्टी आणि रात्री जेवणावळ, आठवड्याचा शेवटचा आणि मुख्य दिवस. म्हणजे त्यांचा गुरुवार आपल्या शनिवारच्या जागी येतो, शनिवार आपल्या सोमवारच्या. ‘मेजवानी आडवारी ठेवली’ असं कोणी म्हणालं तर हे दाखवा. दुसरं, पुस्तकात ३० फेब्रुवारी ही तारीख आहे आणि ती छपाईची चूक नाही. त्याच दिवशी एंटांची, म्हणजे त्या चालत्याबोलत्या झाडांसारख्या प्राण्यांची, सभा सुरू होते. उलट ३१ तारीख असलेला महिना मात्र एकही नाही.

२२ सप्टेंबरला जगभर हॉबिट दिन साजरा होतो, पण परिशिष्टातल्या टिपेप्रमाणे मध्यवर्ष दिन उन्हाळी अयनदिनाशी जुळवायचा म्हटलं तर शायरच्या तारखा आपल्यापेक्षा दहाएक दिवस पुढे. तो हिशेब धरला तर बिल्बोचा वाढदिवस आपल्या १२ ते १४ सप्टेंबरच्या आसपास पडतो. ‘नक्की कुठली तारीख’ असं विचारू नका, एकच उत्तर निघत नाही.

सालांसाठी एकच सूत्र : शायरगणनेत १६०० मिळवले की तिसऱ्या युगाचं साल. १४०१ म्हणजे ३००१, १४१८ म्हणजे ३०१८. शायर वसली ते १६०१, म्हणजे त्यांचं पहिलं साल.

फावडेवाला

तीस_फेब्रुवारी, हे जबरी आहे. एक शंका : लीप वर्ष आपल्यासारखंच दर चार वर्षांनी का? आणि गोष्टीतल्या सालांत ओव्हरलिथ कधी आला होता, म्हणजे प्रश्नात घेता येईल?

तीस_फेब्रुवारी

दर चौथ्या वर्षी, शतकाचं शेवटचं वर्ष सोडून. ४०० ने भाग जाण्याची आपली भानगड तिथे नाही. अंगठीच्या धामधुमीच्या सालांत तो आला नाही. आला तो १४२० मध्ये, आणि त्या साली मुळातच अपूर्व पीक, सुरेख उन्हाळा. नॉर्थफार्दिंगचं (फार्दिंग म्हणजे शायरच्या चार विभागांपैकी एक) बार्ली इतकं उतरलं की १४२० च्या माल्टची बिअर पुढे म्हणीत गेली. त्या ओव्हरलिथचा जल्लोष आठवणीतला सर्वांत मोठा म्हणून नोंदला आहे. प्रश्न म्हणून घ्याच.

तीन_फार्दिंगचा_दगड

कारभाराचं थोडक्यात. थेन हा राजाच्या जागी, पण राजाच नाहीसा झाल्यावर उरली ती मानाची पदवी. शायरची सभा आणि शिबंदी यांचा तो प्रमुख, पण दोन्ही फक्त अडीअडचणीला बोलवायच्या, आणि तशी वेळ कित्येक वर्षं आलीच नव्हती. पद टूक घराण्यात वंशपरंपरेने. त्याआधी ते ओल्डबकांकडे होतं. गॉरहेंडॅड ओल्डबक नदीपलीकडे बकलंड वसवायला गेला, मग ते टूकांकडे आलं. पहिला थेन मॅरिशचा बुक्का, शायरगणना ३७९. ‘पहिला टूक थेन’ आणि ‘पहिला थेन’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर बुक्का, पहिल्याचं इसुम्ब्रास पहिला.

लोकांनी निवडलेला खरा अधिकारी एकच : मिचल डेल्व्हिंगचा महापौर. दर सात वर्षांनी, लिथच्या सुमाराला व्हाइट डाउन्सवर भरणाऱ्या जत्रेत निवड. काम मुख्यतः मेजवान्यांचं अध्यक्षपद, पण टपाल आणि शिरिफ ही दोन्ही खातीही त्याच्याच गळ्यात. शिरिफ आत बंदोबस्ताला फक्त बारा, प्रत्येक फार्दिंगला तीन, गणवेश म्हणजे टोपीत पीस. सीमेवरचे राखणदार वेगळे, त्यांची संख्या गरजेनुसार कमीजास्त. पुढे शायर बळकावणाऱ्या शार्कीच्या राज्यात शिरिफ शेकड्यांनी झाले. त्यामुळे प्रश्नात ‘सामान्य काळी’ हे शब्द घाला. सॅम महापौर सात वेळा झाला, १४२७ पासून. सात गुणिले सात करून ४९ वर्षं हे उत्तर मिळतं.

नकाशावरचा फसवा प्रश्न : फार्दिंगं चार, मग दगड तीन फार्दिंगांचा का? ईस्ट, वेस्ट आणि साउथ तिथे मिळतात, नॉर्थ त्या बिंदूला लागत नाही. बकलंड चारही फार्दिंगांच्या बाहेर. वेस्टमार्च हा पश्चिमेचा प्रदेश शायरला कधी जोडला हे विचारूच नका : बऱ्याच आवृत्त्यांच्या प्रस्तावनेत १४६२ आहे, परिशिष्टात १४५२. दोन संघ दोन पुस्तकं काढून बसतील.

क्षेत्रफळही नको. फार डाउन्सपासून ब्रँडीवाइन नदीच्या पुलापर्यंत ४० लीग, उत्तर-दक्षिण ५० लीग, लीग तीन मैलांची. १२० गुणिले १५० करून १८,००० चौरस मैल सांगणारे असतात, पण शायर काही काटकोन चौकोनी शेत नाही. लांबी विचारा, गुणाकार टाळा.

सिनेमावाल्यांना पकडायला : बकलबरीच्या तरीपासून पूल किती दूर? सिनेमात वीस मैल. पुस्तकात दहा.

गॅफरचे_बटाटे

खाण्यापिण्याच्या शेतीवर कोणीच आलं नाही, म्हणून मी.

टोमॅटो. १९३७ च्या ‘द हॉबिट’मध्ये गँडाल्फ बिल्बोला थंड कोंबडी आणि टोमॅटो आणायला सांगतो. १९६६ च्या सुधारित आवृत्तीत टोमॅटो गेले आणि लोणची आली. अमेरिकेतून आलेलं फळ त्या जुन्या जगात खटकत होतं, असाच अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. पण मग बटाटा आणि तंबाखू का ठेवले, हा वाद कधी संपायचा नाही. मंजूषेत फक्त ‘कुठल्या पदार्थाची जागा लोणच्यांनी घेतली’ एवढंच विचारा.

तंबाखू, म्हणजे त्यांचं चिलमीचं पान. साउथफार्दिंगमधल्या लाँगबॉटमच्या टोबोल्ड हॉर्नब्लोअरने १०७० च्या सुमारास पहिल्यांदा नीट लागवड केली. प्रस्तावना म्हणते इसेनग्रिम दुसऱ्याच्या काळात, पण परिशिष्टातल्या कालरेषेप्रमाणे तो थेन झाला २६८३ मध्ये, म्हणजे शायरगणना १०८३. तेव्हा ‘लागवड झाली तेव्हा थेन कोण’ हा प्रश्न घातलात तर तेरा वर्षांचा खड्डा आहे. वाण तीन विचारा : लाँगबॉटम लीफ, ओल्ड टोबी, सदर्न स्टार. गॉन्डर या माणसांच्या राज्यात हीच वनस्पती फुलांच्या वासासाठी लावत, ओढत नसत.

सशाचा रस्सा. सिनेमात बटाट्यांचा संवाद गाजला, पण पुस्तकातल्या रश्श्यात बटाटा पडलेलाच नाही. हा एकच प्रश्न अर्ध्या हॉलला आडवा करेल. सॅमकडे एकात एक बसणारी दोन उथळ भांडी, लाकडी चमचा, दोन दातांचा आखूड काटा आणि काही सळया, शिवाय चपट्या लाकडी डबीत मीठ. त्यांचा वाटाड्या गॉलम दोन ससे आणतो. सॅम तमालपत्र, थाइम आणि सेज मागतो. गॉलम साफ नकार देतो आणि सॅमलाच पाला शोधावा लागतो. काट्याने टोचून पाहत, रस्सा चाखत, जवळजवळ तासभर शिजवलं. गाजर, सलगम, बटाटे हे सगळं फक्त त्याच्या मनातलं. पुढची चूक महत्त्वाची : विस्तव न विझवता तो भांडी धुवायला ओढ्यावर गेला. एका निखाऱ्याने शेजारचं नेचं पेटलं, त्याने मातीची ढेकळं धुमसली आणि धूर वर चढला. गॉन्डरच्या फारामीर या सरदाराची माणसं तिथे पोचली ती त्या धुराच्या मागावर.

याला जोडून : हॉबिटाची पोरं आधी काय शिकतात, अक्षरं की स्वयंपाक? स्वयंपाक. अक्षरांपर्यंत पुष्कळजण पोचतच नाहीत, असं त्याच प्रकरणात आहे.

शेतकरी मॅगटच्या शेतात भाजी चोरणारे मेरी-पिपिन सिनेमातले. पुस्तकात चोर फ्रोडो, तोही लहानपणी, आणि माल अळंबी. कुत्र्यांची नावं ग्रिप, फँग, वुल्फ. आणि शेवटी मॅगटची बायको फ्रोडोला त्याच अळंब्यांची टोपली भेट देते.

पैशावर विचारायचं असेल तर बिल या तट्टाचा भाव घ्या : बारा रुपेरी पेन्या, आणि तो खऱ्या किमतीच्या निदान तिप्पट. पण हा सौदा शायरबाहेरच्या ब्री गावातला. ‘शायरमधला भाव’ असं लिहू नका.

फावडेवाला

सगळं उतरवून घेतलं. बरोबरी झाली तर निर्णायक प्रश्न कुठला ठेवावा? आकडा असलेला हवा, म्हणजे जवळचा आकडा सांगेल तो जिंकेल.

तीन_फार्दिंगचा_दगड

बायवॉटरच्या लढाईत (३ नोव्हेंबर १४१९) किती हॉबिट मेले? उत्तर १९. ‘सुमारे’ वगैरे काही नाही, म्हणून निर्णायक फेरीला चालतं. जखमींचा आकडा तीसच्या आसपास आणि मेलेले गुंड जवळजवळ सत्तर असे मोघम दिलेत, ते घेऊ नका.

तीस_फेब्रुवारी

आणि पुन्हा बरोबरी झाली तर त्या लढाईचा वार काढायला सांगा. नोव्हेंबरची १ सोमवारी, म्हणून बुधवार.

दुसरी_न्याहारी

किंवा बुलरोरर टूक या हॉबिटाने गॉब्लिनांचा राजा गॉल्फिंबुल याचं डोकं लाकडी दांडक्याने किती यार्ड उडवलं ते : शंभर, आणि पडलं सशाच्या बिळात. ग्रीनफील्ड्सची ती लढाई ११४७ ची. त्यानंतर शायरमध्ये लढाई झाली ती थेट बायवॉटरची. मधली वर्षं २७२, तोही आकडा चालेल.